पक्षाघातातील गिळण्याची परीक्षा : दोन वैद्यांचे निष्कर्ष एक का येत नाहीत?

पक्षाघाताचा रुग्ण चिकित्सालयात आणला जातो तेव्हा वैद्याची दृष्टी प्रथम हात, पाय, मुख व वाणी यांकडे वळते. नातेवाईकही ‘हात उचलत नाही, तोंड वाकडे झाले, बोलणे बोबडे झाले’ एवढेच सांगतात. ‘गिळता येते काय?’ हा प्रश्न बहुधा रुग्णास पाणी पाजून झाल्यावर आणि तो ठसकल्यावरच उपस्थित होतो. वस्तुतः हा विचार आपल्या शास्त्रास नवा नाही. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, दोषभेदीय अध्यायात, प्राणवायूच्या कर्मांमध्ये अन्नप्रवेशाची गणना केली आहे. वाक्प्रवृत्ती हे कर्म उदानाचे सांगितले आहे. वाणी बिघडलेल्या रुग्णात अन्नप्रवेशाचीही परीक्षा करावी, हे यातून ओघानेच येते. प्रश्न आहे तो ही परीक्षा कशी करावी आणि एकाने केलेली परीक्षा दुसऱ्याच्या परीक्षेशी जुळते काय, हा. प्रस्तुत लेखात मुख्यतः या दुसऱ्या अंगाचा विचार करावयाचा आहे.

हा विषय ग्रामीण वैद्यांपुढे मांडण्याचे कारण आपल्याच राज्यातील एका अभ्यासात सापडते. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी मृत्यूंच्या कारणांची पाहणी केली व तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्या गावांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात हेच आढळले. एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के मृत्यू त्याने झाले होते. त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, पक्षाघाताने दगावलेल्यांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक रुग्णांचा मृत्यू घरीच झाला. म्हणजे जेथे वाक्-उपचारतज्ज्ञ नाही, क्ष-किरणाखाली गिळणे पाहण्याची सोय नाही, तेथे, रुग्णाच्या खाटेशी, कुणीतरी चमच्याने पेज किंवा औषध भरवीत होते. परभणी जिल्ह्याची स्थिती गडचिरोलीसारखीच आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु बोरी, झरी, जिंतूर या पट्ट्यातील वैद्यबंधूंना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. भरविणाऱ्यास ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असे सांगणारा बहुधा गावातील वैद्यच असतो.

आमच्या हातून घडलेली एक चूक येथे नमूद करणे आवश्यक आहे. काही काळापूर्वी बोरीजवळच्या एका खेड्यातून साधारण पासष्ट वर्षांचे एक शेतकरी गृहस्थ दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आणले गेले. मोठ्या रुग्णालयात जाण्यास घरचे तयार नव्हते. योगायोगाने त्या वेळी आम्ही तिघे समव्यवसायी एकत्र होतो. एकाने पेल्याने दोन घोट पाणी दिले. ठसका लागला नाही, म्हणून ‘गिळणे ठीक’ असा निर्वाळा दिला. दुसऱ्याने घशात चमच्याचा दांडा लावून पाहिला. ओकारीची प्रतिक्रिया आली नाही, म्हणून ‘धोका आहे’ असे म्हटले. तिसऱ्याने रुग्णास बोलते करून आवाज ऐकला व ‘किंचित घोगरा आहे, पण तो मुळातच तंबाखू खाणारा माणूस’ असे म्हणून प्रश्न सोडून दिला. तिघांचे तीन अभिप्राय ऐकून मुलाने साहजिकच सर्वांत सोयीचा तो स्वीकारला. घरी दुधात भाकरी कुस्करून भरविणे सुरू झाले. चौथ्या दिवशी ज्वर, श्वास व छातीत घरघर अशी लक्षणे घेऊन रुग्ण परभणीस हलवावा लागला, न्यूमोनिया निघाला. रुग्ण वाचला. परंतु दीड महिन्याने भेटावयास आलेल्या त्यांच्या पत्नीने ‘त्या दिवशी तुम्ही तिघं एक बोलला असता तर?’ असे विचारले, तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते.

त्या तिघांत कोण चुकला, याचा विचार आम्ही नंतर बराच केला. एका अर्थी तिघेही आपापल्या रीतीने खरेच सांगत होते. केवळ तिघांनी तीन निरनिराळ्या गोष्टी तपासल्या होत्या. ओकारीच्या प्रतिक्रियेचेच पाहा. १९९५ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निरोगी व्यक्तींची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत ३७ टक्के धडधाकट माणसांमध्ये ही प्रतिक्रिया आढळलीच नाही. जी खूण निरोगी माणसांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकांत नसते, तिच्या अभावावरून गिळण्याचा निर्णय करता येत नाही. तरीही हे परीक्षण आपल्यात व आधुनिक वैद्यकातही दीर्घकाळ रूढ राहिले. मानेवर स्टेथोस्कोप ठेवून गिळण्याचा नाद ऐकण्याची पद्धतही काही जण वापरतात. तिची परीक्षा झाली तेव्हा ऐकणाऱ्यांचे निष्कर्ष एकमेकांशी फारसे जुळले नाहीत. राहिले दोन घोट पाणी. दोन घोट म्हणजे किती? पेल्याने की चमच्याने? रुग्ण बसलेला की उशीला टेकलेला? ठसका लगेच यावयास हवा की काही वेळाने आला तरी मोजावयाचा? या प्रश्नांची उत्तरे आमच्यातील प्रत्येकाने मनातल्या मनात वेगवेगळी धरली होती.

येथे ‘एकवाक्यता’ या शब्दाचा अर्थ थोडा तपशिलाने पाहावा लागेल, कारण तो वाटतो तितका सोपा नाही. समजा, दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे ५० रुग्ण तपासले. (हे उदाहरण केवळ गणितासाठी रचलेले आहे.) २० रुग्णांत दोघांनीही ‘धोका’ म्हटले, १५ रुग्णांत दोघांनीही ‘सुरक्षित’ म्हटले. १० रुग्णांत पहिल्याने धोका व दुसऱ्याने सुरक्षित, तर उरलेल्या ५ रुग्णांत याच्या उलट अभिप्राय दिला. ३५ रुग्णांत मत जुळले, म्हणजे ७० टक्के एकवाक्यता. ऐकावयास आकडा बरा वाटतो. परंतु पहिल्याने एकूण ६० टक्के रुग्णांना व दुसऱ्याने ५० टक्के रुग्णांना ‘धोका’ ठरविले आहे. इतक्या प्रमाणात दोघांनी डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी निम्म्या रुग्णांत त्यांचे मत आपोआप जुळले असते. म्हणजे योगायोगाच्या ५० टक्क्यांवर जी ५० टक्क्यांची वाट उरली, तीतील केवळ २० टक्के ते चालले. या गुणोत्तरास, २० भागिले ५० म्हणजे ०.४ यास, ‘कॅप्पा’ असे नाव आहे. जेकब कोहेन या संशोधकाने १९६० साली ही रीत मांडली. पूर्ण एकवाक्यता असेल तर कॅप्पा १, निव्वळ योगायोग असेल तर शून्य. १९७७ साली लँडिस व कॉक यांनी सुचविलेल्या प्रचलित श्रेणीनुसार ०.६ च्या पुढे एकवाक्यता चांगली व ०.८ च्या पुढे उत्तम मानतात; ०.४ ही जेमतेम होय.

योगायोगाचा हा वाटा वजा करण्याचे महत्त्व दुसऱ्या एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. दोन चिकित्सकांना दहापैकी नऊ रुग्णांस ‘काही नाही, द्या’ असे सांगण्याची सवय असेल, तर रुग्णाकडे ढुंकूनही न पाहता त्यांचे मत १०० पैकी ८२ वेळा जुळेल. या ८२ टक्क्यांच्या समाधानात किती जण वावरत असतील, कोण जाणे!

हा प्रश्न केवळ आपल्या परीक्षणपद्धतींचा आहे असा समज होऊ नये, आणि तो केवळ परक्यांचा आहे असाही होऊ नये. २००० साली ‘डिस्फेजिया’ या नियतकालिकात मॅककलो व सहकाऱ्यांनी प्रशिक्षित वाक्-उपचारतज्ज्ञांच्याच खाटेजवळच्या परीक्षणांची छाननी प्रसिद्ध केली. तज्ज्ञ नित्य वापरीत असलेल्या बाबींपैकी निम्म्याहून कमी बाबी विश्वासार्हतेच्या कसोटीस उतरल्या. उलटपक्षी, २०१२-१३ च्या सुमारास डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी आयुर्वेदीय चिकित्सकांच्या नाडीपरीक्षेतील व प्रकृतिपरीक्षेतील सातत्य याच गणिताने मोजून पाहिले. ते कमी ते मध्यम एवढेच आढळले. यावर आपल्यातील काहींनी नाके मुरडली. आमच्या मते, मोजून घेण्यास तयार होणे यात शास्त्राची मानहानी नाही. आपले ‘आप्त’ हे प्रमाण निर्दोष ज्ञानावर उभे आहे. दोन आप्त एकाच रुग्णाविषयी दोन गोष्टी सांगू लागले तर श्रोत्याने कोणास आप्त मानावे?

कोणती रीत वापरली यावर आकडे किती बदलतात याचे एक ठळक उदाहरण २००५ सालच्या मार्टिनो व सहकाऱ्यांच्या समीक्षेत मिळते. पक्षाघातानंतर गिळण्याचा दोष किती रुग्णांत असतो, या प्रश्नास चाळणी-तपासणीने ३७ ते ४५ टक्के, सविस्तर चिकित्सकीय परीक्षेने ५१ ते ५५ टक्के, तर क्ष-किरणादी यंत्रपरीक्षेने ६४ ते ७८ टक्के अशी उत्तरे आली. याच समीक्षेत, गिळण्याचा दोष असणाऱ्यांस न्यूमोनिया होण्याचा संभव इतरांच्या तुलनेत तिपटीहून अधिक, व ज्यांच्या श्वासमार्गात अन्नपाणी प्रत्यक्ष जाते अशांत सुमारे अकरापट आढळला.

मग एकवाक्यता वाढते कशाने? ज्या चाळणी-तपासण्यांचे निष्कर्ष दोन परीक्षकांत चांगले जुळले, त्या सर्वांत एक गोष्ट समान दिसते : त्यांत परीक्षकाच्या तर्काला फारसा वाव ठेवलेला नाही. ऑस्ट्रियातील गुगिंग येथे तयार झालेली व २००७ साली प्रसिद्ध झालेली ‘गस’ ही तपासणी पाहावी. तीत प्रथम तोंडात काहीही न घालता पाहावयाचे : रुग्ण पंधरा मिनिटे सावध राहू शकतो काय, सांगितल्यावर दोनदा खोकू शकतो काय, स्वतःची लाळ गिळू शकतो काय, लाळ गळते काय, आवाज बदलतो काय. यात पाचपैकी पाच गुण मिळाले तरच पुढे जावयाचे. नंतर अर्धघन पदार्थ, त्यानंतर पाणी आणि शेवटी घन पदार्थ, असा क्रम आहे. पाणीही ३, ५, १०, २० व ५० मिली अशा चढत्या मात्रेने द्यावयाचे. प्रत्येक पायरीवर न गिळणे, खोकला, लाळ गळणे वा आवाज बदलणे यांपैकी काहीही दिसल्यास तेथेच थांबावयाचे. खोकल्याची वाट तीन मिनिटे पाहावयाची. एकूण गुण २०. अर्धघन आधी व पाणी नंतर, हा क्रम आपल्याला उलटा वाटतो, कारण ‘आधी पाणी पाजून पाहा’ हीच आपली रीत. परंतु पक्षाघातात पातळ द्रव घशातून वेगाने सरकतो व मंदावलेल्या गिळण्याच्या क्रियेस तो आवरत नाही. दाटसर घास तुलनेने सावकाश उतरतो. या तपासणीत दोन परीक्षकांमधील कॅप्पा ०.८३५ इतका आला.

कॅनडातील टोरोंटो येथील २००९ सालच्या तपासणीत पाणी चमच्याने दहा वेळा देतात व आधी-नंतरचा आवाज ताडून पाहतात; मात्र तीसाठी परीक्षकास ठरावीक प्रशिक्षण घ्यावे लागते. ९० मिली पाणी न थांबता पिण्याची तपासणी सर्वांत सोपी. तिची ३,००० रुग्णांवरील पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली (हे सर्व रुग्ण पक्षाघाताचे नव्हते). जे खरोखर धोक्यात होते त्यांतील ९६.५ टक्के तिने पकडले. परंतु ज्यांचे गिळणे वस्तुतः सुरक्षित होते, त्यांतील निम्म्याहून अधिक जणांनाही तिने अनुत्तीर्ण ठरविले. अशा रुग्णास काही काळ उगाच उपाशी वा नळीवर राहावे लागते, हे खरे. तरीही चाळणीने गहू थोडा अधिक सोडला तर चालेल, खडा सोडू नये, या न्यायाने तिचा स्वीकार होतो.

येथे एक सावधगिरीची सूचना. परीक्षकांचे मत जुळणे आणि ते बरोबर असणे या भिन्न गोष्टी आहेत. काही रुग्णांत अन्नपाणी श्वासमार्गात जाते, पण ठसका लागतच नाही, कारण तेथील संवेदनाच हरपलेली असते. अशा रुग्णास दहा वैद्यांनी पाहून एकमताने ‘सुरक्षित’ म्हटले तरी ते दहाही चुकलेले असतील. म्हणून तपासणीत उत्तीर्ण झालेल्या रुग्णासही ज्वर, वाढलेला श्वास वा जेवणानंतरची घरघर दिसली, तर आधीचा निष्कर्ष बाजूस ठेवून तोंडावाटे देणे थांबवावे व रुग्ण पुढे पाठवावा.

उलट, मत न जुळणे म्हणजे दरवेळी कुणाची चूक असतेच असेही नाही. पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया बहुसंख्य रुग्णांत पहिल्या एक-दोन आठवड्यांतच बरीच सुधारते; शिवाय रुग्ण सकाळी ताजा असतो व सायंकाळी थकलेला. सोमवारी एकाने व गुरुवारी दुसऱ्याने तपासलेला रुग्ण खरोखरच बदललेला असू शकतो. म्हणून निष्कर्षासोबत दिनांक, वेळ व रुग्णाची सावधता लिहिली नसेल, तर तो निष्कर्ष पुढच्या वैद्याच्या उपयोगाचा नाही.

आमच्या छोट्या गटाने त्या प्रसंगानंतर काही गोष्टी ठरविल्या. पहिली व बिनशर्त अशी की, लक्षणे सुरू होऊन साडेचार तास उलटले नसतील तर कोणत्याही तपासणीत वेळ दवडावयाचा नाही. रुग्णास तोंडावाटे काहीही न देता, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ रवाना करावयाचे. ‘निदान ॲस्पिरिन तरी’ हा मोहही टाळावयाचा, कारण मेंदूत रक्तस्राव झाला आहे की रक्तवाहिनी बंद झाली आहे हे बाहेरून कळत नाही. जे रुग्ण उशिरा येतात, रुग्णालयातून घरी परततात वा जाण्यास नकारच देतात, त्यांच्यासाठी पुढील रीत. रुग्ण सरळ बसलेला. बसविता येत नसेल वा सावध नसेल तर तपासणीच नाही. तपासणीपूर्वी मुखशुद्धी. चमचा एकच, ५ मिलीचा, मापून घेतलेला. तपासणीआधी व प्रत्येक घोटानंतर रुग्णास लांब ‘आ’ म्हणावयास सांगणे, म्हणजे आवाज ओलसर झाला की नाही हे त्याच रुग्णाच्या आधीच्या आवाजाशी ताडता येते व तंबाखूचा घोगरेपणा आड येत नाही. अर्धघन म्हणून आमच्याकडे भरडीची घट्ट पेज सर्व घरांत मिळते. तीही चमचा उलटा केल्यास सहज ओघळणार नाही इतकी दाट असावी, एवढे लिहून ठेवले. ‘किंचित’, ‘बहुधा’, ‘ठीक वाटते’ हे शब्द नोंदवहीत वर्ज्य. होय किंवा नाही एवढेच. शंका असल्यास ती ‘होय, दोष आहे’ या बाजूस लिहावयाची.

परस्परांत मत जुळते की नाही हे पाहण्यासाठी रुग्णास पुनःपुन्हा पाणी पाजणे अर्थातच गैर. एकाने तपासणी करावी, दोघांनी पाहावी आणि तिघांनी एकमेकांशी चकार शब्द न बोलता आपापल्या कागदावर लिहावे. कागद उघडल्यावर मगच चर्चा. प्रथम प्रथम ज्येष्ठांचे मत कळण्याआधी लिहिण्यास कनिष्ठ बंधू बिचकत. ज्येष्ठांनाही आपला कागद वेगळा निघाल्याचे फारसे रुचत नसे. परंतु मतभेद नेमका कशावर होतो हे त्यामुळेच कळले. आमच्यात तो बहुतेक वेळा आवाजावर होतो, खोकल्यावर क्वचित.

आता औषधी दुकानदार बंधूंसाठी. आपल्या चिकित्सेतील बरीचशी द्रव्ये या रुग्णास नेमकी अडचणीच्या स्वरूपात जातात. महारास्नादि काढा, दशमूलारिष्ट, बलारिष्ट ही सर्व पातळ द्रवे. त्यांत पुन्हा पाणी मिसळून घेण्याची प्रथा. गोळी कोरडी गिळताना घशात अडकते. रसकल्प मधातून चाटविणे त्या मानाने बरे वाटते, परंतु दुर्बल बाजूच्या गालात चाटण तसेच साठून राहते व रुग्ण आडवा झाला की मागे सरकते. मधुमेही रुग्णात मधाचा विचार निराळा करावा लागतो तो वेगळाच. पक्षाघाताच्या तीव्र अवस्थेत गिळण्याची परीक्षा होईपर्यंत अन्न, पाणी व औषध यांपैकी काहीही तोंडावाटे देऊ नये, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. त्यातील ‘औषध’ या शब्दात आपला काढाही येतो. परीक्षा होईपर्यंत स्नेहन-स्वेदनादी बाह्योपचार शक्य आहेत. गंडूष व कवल मात्र या अवस्थेत देऊ नयेत. नस्याविषयी तर विशेष दक्षता हवी : गिळणे बिघडलेल्या रुग्णात नाकातून सोडलेले तैल घशात उतरून थेट श्वासमार्गात जाऊ शकते, तैलाने खोकला नीट उठत नाही, आणि फुप्फुसात साचलेल्या तैलाने होणारा न्यूमोनिया चिवट असतो. अर्दितात नस्याचे माहात्म्य आम्ही जाणतो. त्याची वेळ गिळण्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरची.

भाकरी दुधात कुस्करून देण्याच्या पद्धतीविषयी दोन शब्द. घरातील माणसे ती मऊ म्हणून देतात. परंतु तीत पातळ दूध आणि भिजलेले कण असे दोन पदार्थ एकाच घासात असतात. दूध आधी घशात धावते व कण मागे राहतात. गिळण्यास हा घास निव्वळ पाण्याहूनही अवघड ठरतो. त्याऐवजी एकजीव दाट पेज, घोटलेली मऊ खिचडी वा घट्ट वरण सांगावे. तेही अर्थात अर्धघनाच्या पायरीवर उत्तीर्ण झालेल्यासच.

घरोघरीच्या चमच्यांत फार फरक असतो. बोरीतील आमच्या परिचयाच्या एका दुकानदारांनी पक्षाघाताच्या रुग्णासाठी काढा नेणाऱ्यास ५ मिलीचा मापाचा चमचा सोबत देण्यास प्रारंभ केला असून, देताना ते ‘वैद्यांनी गिळण्याची तपासणी केली आहे काय?’ असे विचारतात आणि उत्तर ‘नाही’ आल्यास बाटली बांधून ठेवतात, गिऱ्हाईक आमच्याकडे पाठवितात. पहिल्या वेळी गिऱ्हाईक रागावून दुसऱ्या दुकानात गेले, असे त्यांनीच आम्हांस सांगितले.